सैनिक बाळगणारे फुलकिडे: ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशातील गाठीतले जीवन

प्रश्न असा होता की, कांदा, मिरची आणि द्राक्षावर उपद्रव करणाऱ्या फुलकिड्यांच्याच काही नातलग जातींमध्ये मुंग्यांसारखे सैनिक असतात हे खरे आहे का; आणि खरे असल्यास, कोरड्या प्रदेशात झाडावरच्या एका गाठीत जन्म काढणाऱ्या एवढ्याशा कीटकाला सैन्य कशासाठी लागते? पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते: होय. दुसऱ्या भागासाठी मात्र झाड, गाठ, गाठीवर डोळा ठेवणारे शत्रू आणि या कीटकांतील नात्यांचा हिशेब असे सगळे एकत्र पाहावे लागते. माझे बहुतेक आयुष्य फुलकिडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेले आहे आणि या एका गटाइतका विचार करायला लावणारा गट मला दुसरा भेटलेला नाही, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी कीटकाची ओळख करून घेऊ. आपल्याकडे शेतकरी ज्याला फुलकिडे किंवा काही भागांत टाक्या म्हणतात, तो कीटकांचा एक स्वतंत्र गण आहे आणि त्यात आजवर सुमारे 6000 जातींचे वर्णन झालेले आहे. झालरीसारखे केस असलेले अरुंद पंख आणि केवळ डावा जबडा वाढलेले असममित मुखांग या दोन खुणांवरून हा गण ओळखता येतो. एकच जबडा असल्याने हे कीटक पान चावत नाहीत. पेशी टोचून त्यातील रस ओढून घेतात. मिरचीच्या कोवळ्या पानाला असे टोचले की ते वाटीसारखे वळते, ज्याला आपण चुरडा-मुरडा म्हणतो. पानाची ही वळण्याची प्रतिक्रिया लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी गोष्ट याच धाग्यावर उभी आहे. मिरचीत पान केवळ बिघडते; काही झाडांवर मात्र तीच प्रतिक्रिया इतकी नेमकी होते की पान कीटकाभोवती पूर्ण मिटून एक बंद खोली तयार होते. या खोलीलाच आपण गाठ म्हणतो.

ज्यांच्यात सैनिक सापडले ते फुलकिडे ऑस्ट्रेलियातील आहेत आणि त्यांची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, क्लॅडोथ्रिप्स या नावाने ओळखली जाते. वॉल्टर फ्रॉगॅट यांनी ही प्रजाती 1906 मध्ये वर्णिली होती, म्हणजे कीटक आणि त्याच्या गाठी शास्त्राला फार पूर्वीपासून माहीत होत्या. गाठी फोडल्या की आत दोन तऱ्हेचे प्रौढ दिसत. काही लांब पंखांचे आणि सडपातळ, तर काही आखूड पंखांचे, पुढचे पाय दंडासारखे फुगलेले. त्यांचा सामाजिक अर्थ मात्र बर्नार्ड क्रेस्पी यांनी 1992 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला: आखूड पंखांचे हे प्रौढ सैनिक आहेत आणि त्यांचे काम घराचे रक्षण करणे हे आहे. योगायोग असा की, याच वर्षी ऑस्ट्रेलियातच निलगिरीच्या खोडात राहणाऱ्या एका भुंगेऱ्यातही अशीच समाजरचना असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याआधी 1977 मध्ये जपानच्या शिगेयुकी आओकी यांनी माव्यात सैनिक असल्याचे दाखवून दिले होते. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या आणि वाळवी एवढ्यांपुरतीच समाजजीवनाची हद्द आखणारी जुनी समजूत या काही वर्षांत मागे पडली.

आता झाड. हे फुलकिडे अकेशिया प्रजातीतील झाडांवर राहतात, पण आपली काटेरी बाभूळ डोळ्यांसमोर आणू नये. आपल्या बाभळीला बारीक पर्णिकांची संयुक्त पाने असतात. ऑस्ट्रेलियातील बहुसंख्य अकेशियांमध्ये मोठ्या झाडाला खरी पाने येतच नाहीत, पानाचा देठच चपटा होऊन पानाचे काम करतो. या चपट्या देठाला फिलोड म्हणतात. महाराष्ट्रात हे पाहायचे असेल तर रस्त्याच्या कडेला आणि सामाजिक वनीकरणात सर्रास लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ पाहावी. तिची विळ्याच्या आकाराची, चामड्यासारखी ‘पाने’ ही फिलोडच आहेत. फिलोड जाड असतो, त्यातून पाणी कमी उडते आणि तो दीर्घकाळ टिकतो. वाळवंटी झाडाला हे फायद्याचे आहे, पण कीटकासाठी यात एक मोठी अडचण दडलेली आहे. एकदा जून झालेला फिलोड कितीही टोचला तरी वळत नाही. गाठ केवळ कोवळ्या, वाढत्या फिलोडवरच तयार होते, आणि कोवळी पालवी येणे हे रखरखीत प्रदेशात पावसावर अवलंबून असते. पाऊस कधी आणि किती पडेल याचा नेम नसतो. म्हणजे घर बांधण्याची संधी थोडक्या दिवसांची असते आणि ती हुकली तर पुढची संधी मादीच्या आयुष्यात येईलच असे नाही.

या टंचाईचा परिणाम गाठ सुरू होण्याच्या क्षणापासून दिसतो. पंख असलेली मादी कोवळ्या फिलोडवर उतरते आणि एका जागी टोचत राहते. तिच्याभोवतीचा भाग फुगून वर येतो आणि काही काळाने तिला आत घेऊन मिटतो. या दरम्यान दुसरी मादी आली तर दोघी भिडतात. या मारामाऱ्या लुटुपुटुच्या नसतात, एखादी मादी जिवानिशी जाऊ शकते. गाठ स्थापन करणाऱ्या मादीचे पुढचे पायही म्हणूनच भक्कम असतात. म्हणजे फुगलेले पाय हे सैनिकांसाठी कोरे करकरीत घडलेले हत्यार नव्हते. आईकडे आधीपासून असलेले हत्यार काही अपत्यांमध्ये अधिक वाढवले गेले. उत्क्रांती बहुधा अशीच काटकसरीने चालते.

गाठ मिटली की आतील मादीला अन्न, ओलावा आणि निवारा एकाच ठिकाणी मिळतो. आतल्या भिंतीच्या पेशी टोचून ती रस घेते आणि अंडी घालते. अंड्यातून निघालेली पिल्लेही तीच भिंत खातात. कोणी कोणाला भरवत नाही. मुंग्यांच्या वारुळाशी तुलना करताना हा फरक नेमका ध्यानात ठेवायला हवा, कारण इथे दाईचे काम नाही, अन्न गोळा करून आणण्याचे काम नाही, घर झाडूनपुसून ठेवणाऱ्या कामकऱ्यांचा मोठा वर्गही नाही. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर श्रमविभागणीतील एकच खाते इथे उघडलेले आहे, संरक्षणाचे.

ज्या जातींमध्ये सैनिक असतात तिथे मादीच्या पहिल्या अंड्यांतून सैनिक निघतात आणि नंतरच्या अंड्यांतून लांब पंखांचे, पुढे उडून जाऊन नवी गाठ स्थापन करणारे प्रौढ निघतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. फुलकिड्यांच्या या उपगणात पिल्लाच्या दोन अवस्थांनंतर कोषासारख्या तीन निष्क्रिय अवस्था येतात, आणि त्या काळात कीटक खात नाही, पळत नाही, स्वतःचा बचाव करू शकत नाही. पहिले अपत्य प्रौढ होईपर्यंत घरात लढणारी एकटी आई असते. पहिल्या तुकडीचे सैनिक तयार झाले की मागून वाढणाऱ्या असहाय भावंडांना पहारा मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माद्यांनी आधी पहारेकरी आणि नंतर प्रवासी अशी अंडी घातली, त्यांच्या गाठींतून अधिक अपत्ये सुखरूप बाहेर पडली असणार.

पहारा कोणाविरुद्ध? मुख्य शत्रू परका नाही, फुलकिडाच आहे. कॉप्टोथ्रिप्स या प्रजातीतील फुलकिडे स्वतः गाठ तयार करू शकत नाहीत. ते तयार गाठीत घुसतात, आतील मालकांना मारतात आणि तिथेच आपली वीण वाढवतात. मराठीत यांना घरबळकावे म्हणणे मला योग्य वाटते. चोर माल घेऊन निघून जातो, हे मात्र घरच ताब्यात घेतात. गाठ मिटलेली असली तरी तिच्या फटीतून किंवा भेगेतून आत शिरता येते. सैनिक अशा घुसखोराला पुढच्या पायांनी कवटाळतात आणि दाबून किंवा चिरडून मारतात. झटापटीत सैनिकही मरतात. पाच जातींच्या सैनिकांची लढाऊ वृत्ती आणि परिणामकारकता तपासणारा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सैनिकाच्या वेगळ्या शरीररचनेचा संरक्षणात फायदा होतो हे दोन जातींमध्ये, क्लॅडोथ्रिप्स इंटरमीडियस आणि क्लॅडोथ्रिप्स हॅब्रस यांच्यात, दिसून आले. माझ्या मते हा निष्कर्ष जितका उद्धृत व्हायला हवा तितका होत नाही. फुगलेले पाय दिसले की लढाईतील यश गृहीत धरण्याचा मोह होतो, पण शरीरावरून वर्तनाचा आणि वर्तनावरून फायद्याचा निष्कर्ष काढताना प्रत्येक पायरी प्रयोगाने तपासावी लागते, आणि जात बदलली की उत्तर बदलू शकते.

सैनिकांचे दुसरे एक काम अलीकडे उजेडात आले आणि आपल्या शेतकऱ्यांना त्याचा संदर्भ लगेच कळेल. बंद, दमट आणि दाटीच्या जागेत बुरशीचा धोका मोठा असतो. क्लॅडोथ्रिप्स इंटरमीडियसच्या सैनिकांच्या शरीरावरील रसायने कीटकांवर जगणाऱ्या कॉर्डिसेप्स बॅसियाना या बुरशीची वाढ रोखतात, असे 2012 मध्ये दाखवण्यात आले. ही तीच बुरशी आहे, जिच्या दुसऱ्या अवस्थेला बिव्हेरिया बॅसियाना म्हणतात आणि जिची भुकटी आपण फुलकिडे व पांढरी माशी यांच्यासाठी जैविक कीडनाशक म्हणून फवारतो. म्हणजे एका बाजूला आपण शेतात जे अस्त्र फुलकिड्यांवर टाकतो, त्याच अस्त्राविरुद्ध त्यांच्या दूरच्या नातलगांनी आपल्या सैनिकांच्या अंगावर उतारा बाळगलेला आहे. सैनिक म्हणजे केवळ ताकदीचा गडी, ही आपली कल्पना इथे अपुरी पडते.

आता प्रश्नाचा गाभा. एखादा जीव स्वतः उडून जाऊन घर वसवण्याची शक्यता सोडून भावंडांसाठी का लढतो? विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये दिलेले उत्तर असे आहे की, नातलगांमार्फतही आपलीच जनुके पुढे जातात. मदतीचा फायदा, नात्याच्या प्रमाणात मोजला असता, मदतीच्या किमतीपेक्षा जास्त भरला तर अशी वृत्ती टिकते. मुंग्या-मधमाश्यांप्रमाणे फुलकिड्यांमध्येही फलित अंड्यापासून मादी आणि अफलित अंड्यापासून नर जन्मतो. त्यामुळे नरात गुणसूत्रांचा एकच संच असतो, आणि आई एकाच नराशी मीलन झालेली असेल तर सख्ख्या बहिणींचे नाते तीन-चतुर्थांश भरते, जे आई-मुलीच्या अर्ध्या नात्यापेक्षाही अधिक आहे. बराच काळ असे वाटत होते की समाजजीवनाचे रहस्य याच हिशेबात आहे.

फुलकिड्यांनी या सोप्या उत्तराला हरकत घेतली, आणि माझ्या दृष्टीने त्यांचे शास्त्रीय मोल इथेच आहे. मुंग्यांमध्ये कामकरी आणि सैनिक केवळ माद्या असतात. फुलकिड्यांमध्ये सैनिक नरही असतात. तीन-चतुर्थांशाचा लाभ बहिणींमधला आहे. भाऊ सैनिक झाला तर त्याला तो मिळत नाही, आणि बहीण भावासाठी लढली तर तिचे त्याच्याशी नाते केवळ एक-चतुर्थांश असते. मग नर सैनिक का व्हावेत? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर 2000 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळते. गाठीतील कीटकांच्या जनुकांची तुलना केली तेव्हा त्यांच्यातील नाते अतिशय जवळचे निघाले, कारण या जातींमध्ये गाठीतच भावंडांचा संकर होतो. अंतःसंकर वाढला की गाठीतील सगळेच एकमेकांचे अधिकाधिक जवळचे होतात आणि भाऊ-बहीण यांच्या नात्यातील तफावत कमी होते. तेव्हा एकट्या गुणसूत्रांच्या विषमतेला श्रेय देण्यापेक्षा बंद घर आणि त्या घरातला अंतःसंकर यांना ते द्यायला हवे, असे माझे मत आहे.

मात्र नाते हा हिशेबाचा अर्धा भाग झाला. जवळचे नाते तर कितीतरी कीटकांत असते, सगळे सैनिक घडवत नाहीत; खुद्द क्लॅडोथ्रिप्स प्रजातीतही सैनिक नसलेल्या जाती आहेत. दुसरा अर्धा भाग घराच्या किमतीचा आहे. डेव्हिड क्वेलर आणि जोन स्ट्रासमन यांनी 1998 मध्ये सामाजिक कीटकांचे दोन प्रकार सांगितले. एक, जिथे अन्न घराबाहेर आहे, बाहेर जाणारी आई मरू शकते आणि तिच्यामागे पिल्ले सांभाळायला कोणी तरी हवे असते. मधमाश्या आणि गांधीलमाश्या या त्यातल्या. दुसरा, ज्यांचे अन्नच घराच्या भिंतीत आहे आणि ज्यांना तो गड राखायचा असतो. यांना आपण गडकरी म्हणू. वाळवीचे लाकूड, माव्याची गाठ आणि आपल्या फुलकिड्यांची गाठ या दुसऱ्या प्रकारात येतात. घर म्हणजेच कोठार असेल, ते पुन्हा बांधता येणार नसेल आणि ते बळकावायला शेजारी टपलेला असेल, तर घरात राहून लढणे हे बाहेर पडून नशीब आजमावण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक फलदायी ठरते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात या तिन्ही अटी एकाच फिलोडवर पुऱ्या होतात. तेथील भूभाग जसजसा शुष्क होत गेला तसतसे हे फुलकिडे आपल्या यजमान झाडांच्या जोडीने विविध जातींत विभागत गेले, असे वंशावळींच्या अभ्यासातून मांडले गेले आहे.

प्रत्येक जातीची झाडे ठरलेली असतात. क्लॅडोथ्रिप्स वॉटरहाउसी ही दक्षिण ऑस्ट्रेलियात ‘वेस्टर्न मायल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अकेशियावर, क्लॅडोथ्रिप्स हॅमिल्टनी ही ‘गिजी’ नावाच्या अकेशियावर, तर क्लॅडोथ्रिप्स इंटरमीडियस ही अकेशिया ओस्वाल्डीवर गाठी करते. या जातींची तुलना केली की समाजरचना ही एका झटक्यात घडलेली गोष्ट नसल्याचे दिसते. काही जातींत, विशेषतः हॅमिल्टनीमध्ये, सैनिक स्वतःही भरपूर अंडी घालतात. काही जातींत त्यांचे प्रजनन आईच्या तुलनेत फारच तोकडे असते. गाठीचा आकार आणि प्रजननाची ही वाटणी या दोन गोष्टी उत्क्रांतीत एकमेकींच्या जोडीने बदलत गेल्या, असे 2001 मधील एका अभ्यासातून पुढे आले. लढणारा आणि वंश वाढवणारा हे दोन वर्ग अजून पुरते वेगळे झालेले नाहीत, त्यांचे वेगळे होणे आपल्याला वेगवेगळ्या जातींत वेगवेगळ्या टप्प्यांवर पाहता येते.

म्हणूनच ‘हे खरे समाजशील कीटक आहेत का’ असा वाद होतो. क्रेस्पी आणि डग्लस यानेगा यांनी 1995 मध्ये सुचवलेल्या व्याख्येनुसार, आयुष्यात परत न फिरता येईल अशा रीतीने वेगळे झालेले वर्ग असणे ही खूण आहे. आखूड पंखांचा सैनिक कधीच उडून जाऊन नवी गाठ वसवू शकत नाही, तेव्हा त्या कसोटीवर हे फुलकिडे उतरतात. जे वंध्यत्वाची अट घालतात त्यांना मात्र अंडी घालणारा सैनिक अडचणीचा वाटतो. मी स्वतः पहिल्या बाजूचा आहे. पंख गमावणे हा परतीचा दोर कापणेच आहे. त्यानंतर त्याने घरात चार अंडी घातली म्हणून त्याची भूमिका बदलत नाही.

याच प्रदेशात गाठीशिवायही घर करणारे फुलकिडे आहेत आणि त्यांच्याशी केलेली तुलना उद्‌बोधक आहे. ड्युनाटोथ्रिप्स अ‍ॅन्यूरी ही जात ‘मुल्गा’ अकेशियाचे फिलोड रेशमासारख्या स्रावाने जोडून आत राहते, आणि तिथे अनेकदा एकाहून अधिक माद्या मिळून घर सुरू करतात. हे घर पिल्लांना सुकून मरण्यापासून वाचवते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. शिवलेल्या घरात फुगलेल्या पायांचे सैनिक नाहीत. झाडाच्या पेशींनी बनलेली भिंत आणि स्वतः विणलेली भिंत यांचे अर्थकारण वेगळे आहे, कारण विणलेली भिंत फाटली तर शिवता येते.

शेवटी, प्रश्नात विचारले होते की असे काही महाराष्ट्रात पाहता येईल का. आपल्याकडच्या ऑस्ट्रेलियन बाभळीवर क्लॅडोथ्रिप्सच्या गाठी शोधू नयेत. भारतातील गाठी करणाऱ्या फुलकिड्यांचा मोठा अभ्यास टी. एन. अनंतकृष्णन यांनी केला आणि त्यातली एक जात तर शहरातल्या बागेतही सहज भेटते. शोभेसाठी कुंडीत किंवा कुंपणाला लावलेल्या फायकस बेंजामिनाची पाने मधोमध दुमडून जुडग्यासारखी मिटलेली दिसली तर ते काम गायनायकोथ्रिप्स उझेली या फुलकिड्याचे असते. असे पान पांढऱ्या कागदावर अलगद उघडावे. काळे प्रौढ, फिकट पिवळी पिल्ले आणि पांढरट अंडी एकाच पानात सापडतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. त्यात फुगलेल्या पुढच्या पायांचा एखादा फुलकिडा आढळला तर त्याला सैनिक समजण्याची घाई करू नये. भारतातूनच प्रथम वर्णिला गेलेला अँड्रोथ्रिप्स रामचंद्राय हा इतरांच्या गाठींत शिरून राहणारा फुलकिडा आहे आणि त्याचे पाय असेच जाड असतात. तिथे दंड फुगलेला आहे तो घुसणाऱ्याचा, घरमालकाचा नव्हे.